पथ्य पाळूनही सोरायसिस पुन्हा उसळतो, तेव्हा काय काय तपासायचं

तक्रार साधारण अशी असते. औषधाने चट्टे फिके पडले, कोंडा थांबला, महिना-दोन महिने बरे गेले आणि मग कोपरावर, गुडघ्यावर, डोक्यात पुन्हा तेच. लगेच परवा काय खाल्लं होतं याची उजळणी सुरू होते आणि वर्ज्य पदार्थांच्या यादीत आणखी एकाची भर पडते. आधी दूध जातं, मग गहू, मग टोमॅटो, मग साखर. जेवण नकोसं होतं, आणि चट्टे मात्र आपल्याच वेळेने येत-जात राहतात.

या शोधात पहिली चूक होते ती तारखेची. निरोगी त्वचेत तळाशी तयार झालेली पेशी वर येऊन गळून पडायला साधारण महिना लागतो. सोरायसिसच्या चट्ट्यात हाच प्रवास तीन ते पाच दिवसांत उरकतो. हा वेग वाढवतो तो रोगप्रतिकारक पेशींनी पेटवलेला दाह. त्यातले मुख्य संदेशवाहक म्हणजे इंटरल्यूकिन-२३ आणि इंटरल्यूकिन-१७. ठिणगी पडल्यापासून चट्टा डोळ्यांना दिसेपर्यंत बहुतेक वेळा एक ते तीन आठवडे जातात, काही औषधांच्या बाबतीत काही महिने. त्यामुळे कालच्या ताटात शोधून फारसं काही सापडत नाही.

आधी एवढी खात्री करा: हा चट्टा सोरायसिसचाच आहे ना?

निदान जुनं असलं तरी नव्या जागी आलेला चट्टा नव्याने पाहावा. सोरायसिसचा चट्टा जाडसर असतो, त्याचे काठ स्पष्ट असतात आणि वर चंदेरी-पांढरे पापुद्रे असतात. सावळ्या त्वचेवर तो लाल न दिसता जांभळट किंवा करडा-तपकिरी दिसतो. जांघेत, काखेत, स्तनांखाली मात्र पापुद्रे जवळजवळ नसतात. तिथे तो गुळगुळीत आणि चकचकीत असतो.

गजकर्ण वेगळं वागतं. ते कडेने पसरत जातं आणि मध्ये निवळतं. त्यावर स्टेरॉइडचं मलम लावलं तर लाली उतरते, खाज थांबते आणि आराम पडल्यासारखा वाटतो, पण बुरशी पसरत राहते. मलम थांबवलं की चट्टा आधीपेक्षा मोठा होऊन परततो. ‘हट्टी सोरायसिस’ म्हणून महिनोन्‌महिने चाललेला त्रास काही वेळा हाच निघतो. चट्ट्याच्या काठावरचे पापुद्रे खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की उलगडा होतो. या तपासणीच्या आधीच बुरशीनाशक मलम लावायला सुरुवात केली असेल तर बुरशी असूनही दिसत नाही, म्हणून नमुना औषधाआधी द्यावा.

मागचे तीन आठवडे आठवा

खाण्याकडे वळण्याआधी पुढच्या गोष्टी एकेक करून तपासा.

घसा: स्ट्रेप्टोकोकस जिवाणूमुळे घसा दुखला असेल तर एक ते तीन आठवड्यांनी धडावर आणि हातापायांवर पाण्याचे थेंब उडाल्यासारखे बारीक बारीक ठिपके येऊ शकतात. मुलांत आणि तरुणांत हे जास्त दिसतं. ठिपके येईपर्यंत घसा बरा झालेला असतो, म्हणून दोन्हींचा संबंध कुणी लावत नाही. इथे ताटातला पदार्थ बंद करणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

इजा: ओरखडा, भाजणं, टाके, टॅटू, घट्ट कमरपट्टा, उन्हाने सोललेली कातडी. जिथे त्वचा दुखावते तिथेच साधारण १० ते २० दिवसांत नवा चट्टा उठतो. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ हाइनरिश कोब्नर यांनी हे एकोणिसाव्या शतकात नोंदवलं, म्हणून याला ‘कोब्नर परिणाम’ म्हणतात. चट्टा सरळ रेषेत किंवा पट्ट्याच्या आकारात असेल तर हीच शंका आधी घ्यावी. डोक्यातले पापुद्रे नखाने किंवा कंगव्याने उपटणं हीसुद्धा इजाच.

दुसऱ्या आजारासाठी सुरू झालेलं औषध: लिथियम, रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठीची बीटा-ब्लॉकर औषधं, क्लोरोक्विन आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, बुरशीवरचं टर्बिनाफिन. यांचा परिणाम दिसायला काही आठवड्यांपासून कित्येक महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो, त्यामुळे इथे तीन आठवडे पुरत नाहीत. वर्षभराची औषधांची यादी काढा आणि डॉक्टरांपुढे ठेवा. यातलं कोणतंही औषध स्वतःहून बंद करू नका. बीटा-ब्लॉकर अचानक थांबवणं हृदयाला महाग पडतं.

स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शन: दम्यासाठी, सांधेदुखीसाठी किंवा खुद्द चट्ट्यांसाठी घेतलेलं स्टेरॉइड एकदम थांबलं की सोरायसिस पूर्वीपेक्षा जोरात उसळू शकतो, कधी पू भरलेल्या बारीक पुळ्यांच्या रूपात. घटक न लिहिलेल्या पुड्या आणि गोळ्या घेऊन आठवड्याभरात त्वचा ‘जादूने’ साफ झाली आणि त्या संपताच सगळं अंग भरून आलं, तर त्यात लपवलेलं स्टेरॉइड असण्याची दाट शंका घ्यावी.

वही कशी ठेवायची

आठवणीवर विसंबलात तर नेहमी खाणंच दोषी ठरतं, कारण खाणं रोजचं असतं. वहीत रोज चार ओळी पुरतात: खाज ० ते १० मध्ये किती, झोप किती तास, मलम किती वेळा लावलं, आणि वेगळं काही घडलं का (घसादुखी, इजा, दारू, नवीन औषध, मोठा ताण). आठवड्यातून एकदा ठरलेले दोनच चट्टे, त्याच खिडकीच्या उजेडात, शेजारी पट्टी धरून फोटो काढा. किती भाग व्यापला आहे ते आपल्याच तळहाताने मोजा: बोटांसकट एक तळहात म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा साधारण १ टक्का.

बदल एका वेळी एकच. तो पारखायला ८ ते १२ आठवडे द्या. याच काळात नवीन मलम सुरू केलं, ऋतू बदलला किंवा सुट्टी लागली तर तेही लिहा. नाहीतर मलमाचं श्रेय बिचाऱ्या पथ्याला जातं आणि ते पुढे वर्षानुवर्षं उगाच पाळलं जातं.

खाणं: काय खाता यापेक्षा आधी वजन

सोरायसिसमध्ये आहाराबाबत सर्वांत भक्कम पुरावा आहे तो जास्त वजन असलेल्यांनी वजन उतरवण्याबद्दल. अमेरिकेतल्या नॅशनल सोरायसिस फाउंडेशनच्या वैद्यकीय मंडळाने २०१८ साली आहारविषयक शिफारशी केल्या, तेव्हा ठाम शिफारस एवढीच होती: वजन जास्त असेल तर कमी उष्मांकाचा आहार घेऊन ते कमी करा, औषधं चालू ठेवूनच. इटलीत ३०३ जणांवर झालेली चाचणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. या सगळ्यांचं वजन जास्त होतं आणि पोटातून किंवा इंजेक्शनने घ्यायच्या औषधांनी त्यांची त्वचा पुरती साफ झालेली नव्हती. २० आठवडे आखलेला आहार आणि व्यायाम केलेल्या गटात आजाराची तीव्रता ४८ टक्क्यांनी घटली. ज्यांना फक्त वजन कमी करण्याचे फायदे समजावून सांगितले होते त्यांच्यात २५.५ टक्क्यांनी.

कारण सरळ आहे. चरबी म्हणजे नुसता साठा नव्हे; ती टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्यूकिन-६ यांसारखे दाह वाढवणारे रेणू सतत सोडत असते. शिवाय काही इंजेक्शनांचा डोस सगळ्यांना सारखाच असतो, तो ११० किलोच्या शरीरात ६० किलोच्या शरीराइतका पुरत नाही. त्वचेच्या घड्यांमधलं घर्षण आणि घाम हे आणखी वेगळंच.

लक्ष्य ठेवा सध्याच्या वजनाच्या ५ ते १० टक्क्यांचं. ९० किलो असाल तर साडेचार ते नऊ किलो. रोज साधारण ५०० किलोकॅलरी कमी घेतल्या तर आठवड्याला जवळपास अर्धा किलो उतरतो; म्हणजे पहिला टप्पा गाठायला अडीच-तीन महिने लागतील असं धरून चाला. सुरुवात गोड पेयं, तळलेलं आणि रात्री उशिरा होणारं खाणं यांपासून करावी, कारण तिथे उष्मांक भरपूर असतात आणि पोट भरत नाही. भाज्या, डाळी, कडधान्यं, फळं, सुकामेवा, मासे, ऑलिव्हसारखं असंतृप्त तेल असा आहार घेणाऱ्यांत तीव्र सोरायसिस कमी आढळतो असं निरीक्षणांतून दिसतं. हृदयासाठी तो चांगला आहेच आणि सोरायसिस असलेल्यांना हृदयविकाराचा धोका एरवीपेक्षा जास्त असतो, त्यामुळे एवढ्यासाठीही तो घ्यावा. मधुमेहाची औषधं चालू असतील तर खाणं कमी करण्याआधी डोस बदलून घ्या, नाहीतर साखर एकदम खाली जाईल.

वजन मुळातच बरोबर असेल तर? मग आणखी उतरवून त्वचा सुधारेल असं गृहीत धरू नये. अशा माणसाला कडक पथ्य सांगणं हा अन्याय आहे.

गहू सोडायचा का?

ग्लुटेन सगळ्यांनी सोडावं असं पुरावा सांगत नाही. सोरायसिस असलेल्यांत सिलिअॅक हा गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा करणारा आजार थोडा जास्त आढळतो, आणि ज्यांच्या रक्तात त्याच्या खुणा सापडतात त्यांना ग्लुटेनमुक्त आहाराचा फायदा होऊ शकतो. सतत जुलाब, पोट फुगणं, लोह देऊनही न भरणारा रक्तक्षय किंवा घरात कुणाला सिलिअॅक असेल तर टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज अँटीबॉडी ही रक्ततपासणी करून घ्यावी, सोबत एकूण आयजीए (अँटीबॉडींचाच एक प्रकार).

इथे हमखास होणारी चूक: आधी दोन महिने गहू सोडायचा आणि मग तपासणीला जायचं. ग्लुटेन पोटात जात नसेल तर अँटीबॉडी उतरतात आणि आजार असूनही अहवाल निर्दोष येतो. तपासणीआधी किमान सहा आठवडे रोज एकापेक्षा जास्त वेळच्या जेवणात ग्लुटेन असायला हवं.

एखाद्या पदार्थाचा संशय जातच नसेल तर

तो चार ते सहा आठवडे पूर्ण बंद करा, बाकी सगळं होतं तसंच. फरक पडला असं वाटलं तरी काम तिथे संपत नाही. पदार्थ पुन्हा नेहमीच्या प्रमाणात रोज दोन आठवडे खा आणि फोटोंची तुलना करा. त्रास परतला तर पुन्हा बंद करून तो उतरतो का पाहा. हे दोन्ही वेळा घडलं तरच पदार्थ यादीत ठेवा, नाहीतर तो ताटात परत आणा. सोरायसिस आपणहूनही चढतो-उतरतो, त्यामुळे नुसतं ‘सोडलं आणि बरं वाटलं’ याला किंमत नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत ओठ सुजणं, गांधी उठणं, श्वास लागणं ही ॲलर्जी. त्या पदार्थावर घरी प्रयोग करायचा नाही. वाढत्या वयाच्या मुलांचं आणि गरोदर स्त्रियांचं खाणं आहारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय छाटू नये.

गोळ्या-पावडरींबद्दल थोडक्यात. माशाच्या तेलाच्या चाचण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. ड जीवनसत्त्व रक्तात कमी असेल तर भरून काढावं. कमी नसताना मोठे डोस घेतले तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. ‘प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या’ उत्पादनांपासून लांब राहावं. इथे प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही, ती चुकीच्या जागी जास्त झाली आहे.

दारू आणि तंबाखू

या दोन गोष्टी बाजूला ठेवून गहू-दुधाची चर्चा करण्यात अर्थ नाही. दारूने आजार वाढतो, उपचारांचा परिणाम घटतो आणि मेथोट्रेक्सेट हे सोरायसिसवरचं औषध चालू असेल तर यकृतावर दुहेरी भार पडतो. ॲसिट्रेटिन हे सोरायसिसवरचंच दुसरं औषध घेणाऱ्या आणि मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीने तर दारूचा थेंबही घेऊ नये. दारूमुळे हे औषध शरीरात जास्त काळ टिकणाऱ्या रूपात बदलतं आणि गर्भाला असलेला धोका लांबतो. जाता जाता, मेथोट्रेक्सेट सोरायसिससाठी आठवड्यातून एकदाच घेतात. चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. वार ठरवा आणि तो गोळ्यांच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा.

धूम्रपानाने सोरायसिस होण्याचा धोका आणि त्याची तीव्रता दोन्ही वाढतात. तळहात-तळपायांवर पुळ्या येणाऱ्या प्रकारात तर बहुसंख्य रुग्ण धूम्रपान करणारे किंवा पूर्वी केलेले असतात. सोडल्यावर आठवड्याभरात फरक दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका.

मलम बदलण्याआधी मलम मोजा

‘मलम लागू पडत नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा मलम पुरेसं लावलेलंच नसतं. हिशोब असा. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेली मलमाची रेघ म्हणजे अर्धा ग्रॅम. ती बोटांसकट दोन तळहातांएवढ्या भागाला पुरते. चट्टे दहा तळहातांएवढे असतील तर एका वेळी अडीच ग्रॅम, दिवसातून दोनदा लावायचं असेल तर पाच ग्रॅम. १५ ग्रॅमची ट्यूब तीन दिवसांत संपायला हवी. तीच महिनाभर पुरत असेल तर औषध अपयशी ठरलं असं म्हणता येत नाही.

उलट दिशेची चूकही तितकीच वाईट. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार तीव्र स्टेरॉइड एका जागी सलग आठ आठवड्यांपेक्षा जास्त आणि अतितीव्र स्टेरॉइड चार आठवड्यांपेक्षा जास्त लावू नये, मग चार आठवड्यांची विश्रांती. विश्रांतीच्या काळात काय लावायचं हे आधीच विचारून ठेवा. स्टेरॉइड एकदम थांबवून जागा कोरडी ठेवली तर चट्टा उसळतो. चेहरा, जांघा आणि गुप्तांगांवर ही तीव्र मलमं नकोत, तिथली कातडी लवकर पातळ होते.

कॅल्सिपोट्रिऑल (ड जीवनसत्त्वाच्या जातीचं मलम) वापरत असाल तर त्याच जागी, त्याच वेळी सॅलिसिलिक आम्लाचं मलम लावू नका. आम्लाने कॅल्सिपोट्रिऑल निकामी होतं. मोठ्यांसाठी त्याची आठवड्याची मर्यादा १०० ग्रॅम.

डोक्यात पापुद्र्यांचा जाड थर असताना औषधी द्रव वर ओतला तर तो केसांत आणि पापुद्र्यांतच राहतो. आधी रात्री तेलकट किंवा सॅलिसिलिक आम्ल असलेलं मलम लावून थर मऊ करा, सकाळी धुऊन सुटलेले पापुद्रे हलक्या हाताने काढा, मग केसांचा भांग पाडत औषध थेट कातडीवर लावा.

मॉइश्चरायझर हवा आणि तोही भरपूर. सगळ्या अंगाला लावायचा तर मोठ्या माणसाला आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम लागतो. कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटांत अंघोळ, खरखरीत घासणी नको, टॉवेलने टिपून घ्यायचं आणि अंग ओलसर असतानाच केसांच्या दिशेने फासायचा. औषधी मलम आणि मॉइश्चरायझर यांत वीस-तीस मिनिटांचं अंतर ठेवा. आणखी एक धोका कमी जणांना ठाऊक असतो: असे मलमवजा पदार्थ कपड्यांत, पट्ट्यांत, चादरीत मुरले की ते कापड फार झपाट्याने पेट घेतं. विस्तव, गॅस, सिगारेट यांपासून लांब राहा आणि कपडे वरचेवर बदला. धुण्याने धोका घटतो, पण पूर्ण जात नाही.

व्यायाम, झोप, ताण

आठवड्याला १५० मिनिटं दम लागेल इतपत हालचाल पुरते. घामाने चट्टे चुरचुरतात म्हणून व्यायाम सुटतो. त्यावर उपाय साधा आहे: घासल्या जाणाऱ्या जागी आधी पेट्रोलियम जेलीचा पातळ थर, सैल कपडे, आणि नंतर लगेच अंघोळ. सांधे दुखत असतील तर पोहणं किंवा सायकल निवडा.

झोप खाजेने मोडते आणि जागरणाने खाज आणखी जाणवते. नखं अगदी लहान ठेवा, खोली थंड ठेवा, झोपण्याआधी मॉइश्चरायझर लावा. ताण हे खरं कारण आहे, पण ‘टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला नव्हे. श्वासाचा सराव, ध्यान, समुपदेशन यांतलं जे रोज दहा-पंधरा मिनिटं खरोखर होईल ते धरावं. मन सतत खचलेलं असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर ते चट्ट्यांइतकंच स्पष्टपणे डॉक्टरांना सांगावं. सोरायसिससोबत नैराश्य वारंवार येतं आणि त्यावर उपचार आहेत.

घरी शोध थांबवून डॉक्टरांकडे कधी जायचं

सकाळी उठल्यावर सांधे अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ आखडलेले राहत असतील, एखादं बोट अख्खं सुजून जाड झालं असेल, टाच दुखत असेल किंवा नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे आणि नखाखाली पिवळट डाग वाढत असतील, तर सोरायसिसच्या सांधेदुखीची तपासणी काही आठवड्यांत व्हायला हवी. उशीर झाल्यास सांध्याची झीज भरून येत नाही.

जवळजवळ सगळं अंग लाल होऊन सोलू लागलं, हुडहुडी भरली, किंवा ताप येऊन लाल त्वचेवर पुवाच्या पुळ्यांचे थवे उठले, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. अशा वेळी शरीरातलं पाणी आणि उष्णता त्वचेवाटे निसटत असते. जाताना चालू असलेल्या आणि गेल्या दोन महिन्यांत बंद केलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं सोबत घ्या.